तरंगत्या बर्फाचे पंचांग

श्रोतेहो, आपल्या घरी मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल असेल तर तो क्षणभर समोर घ्यावा, लातूर शहरावर बोट ठेवावे आणि ते सरळ दक्षिणेकडे सरकवीत न्यावे. डावीउजवीकडे मुळीच वळू नये. बोट कर्नाटकात उतरेल, म्हैसूरच्या जवळून जाईल, केरळात कोल्लमच्या आसपास जमीन सोडील, आणि त्यापुढे मात्र त्याला टेकायला कोठेही जागा मिळणार नाही. सबंध हिंदी महासागर ओलांडून ते थेट अंटार्क्टिका खंडाच्या काठाला जाऊन लागेल. आणि जेथे लागेल तेथून अवघ्या पंधराएक किलोमीटरवर ‘भारती’ हे आपले संशोधनकेंद्र उभे आहे. लातूरचे रेखांश ७६ अंश ३४ मिनिटे पूर्व, भारतीचे ७६ अंश १२ मिनिटे. म्हणजे लातुरात सूर्य माथ्यावर आला की दीड मिनिटाने भारतीलाही मध्यान्ह होते. अंतर मात्र सुमारे पावणेदहा हजार किलोमीटर. पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ चौथा हिस्सा.

नांदेडकरांनी हा मान एकट्या लातूरचा समजू नये. नांदेड ज्या नदीच्या काठी वसले आहे त्या गोदावरीला आपण पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणगंगा म्हणत आलो. आणि भारताने त्या हिमखंडावर पहिले केंद्र उभारले तेव्हा त्याला नाव दिले ‘दक्षिण गंगोत्री’. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात आपली गोदावरी नसेल, हिमालयातली गंगोत्रीच असेल, हे उघड आहे. तरी ते नाव गोदाकाठच्या माणसाच्या कानाला परके वाटत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आता प्रश्न असा, की ही वाट नकाशावर इतकी सरळ व मोकळी दिसत असता जहाजांना ती वर्षातून थोडेच आठवडे का खुली असते? त्याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘बर्फ’ असे द्यावे लागेल. पण तो बर्फ कोणता, हे सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. बर्फ आणि जहाज हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला १९१२ सालच्या एप्रिलमध्ये बुडालेले ‘टायटॅनिक’ आठवते. टायटॅनिकला बुडविले ते हिमनगाने. हिमनग हा जमिनीचा पुत्र होय. हजारो वर्षे पडत राहिलेले हिम दाबून दाबून बनलेल्या हिमनद्या समुद्रापर्यंत सरकत येतात, त्यांचा कडा तुटतो आणि तो डोंगर तरंगू लागतो. तो एकटा असतो, दुरून दिसतो, आणि सावध कप्तान त्याला वळसा घालून जाऊ शकतो. आज ज्याविषयी मला बोलावयाचे आहे तो बर्फ निराळा. तो समुद्राच्याच पाण्याचा गोठून झालेला असतो. त्याला वळसा घालता येत नाही, कारण तो वाटेत नसतो. वाटच बर्फ झालेली असते.

समुद्र गोठतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. गोडे पाणी शून्य अंशाला गोठते. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे ते उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठते. प्रथम पाण्यात बारीक सुया आणि पापुद्रे तरंगू लागतात व पृष्ठभाग तेलकट, मंद दिसतो. मग त्यांच्या चकत्या बनतात. लाटांनी एकमेकींवर आपटून त्या चकत्यांचे काठ उचललेले राहतात, थेट तव्यावरच्या घावनासारखे. आणि इंग्रज खलाशांनीही त्यांना आपल्या न्याहारीतल्या घावनाचेच नाव दिले आहे. चकत्या जुळून तराफे होतात, तराफे जुळून मैदाने होतात. एका हिवाळ्यात हा थर साधारण एक ते दोन मीटर जाड होतो. गोठताना पाणी आपल्यातले मीठ बाहेर टाकीत जाते. उरलेसुरले खारे पाणी बर्फातल्या बारीक नळ्यांत अडकते व पुढे तेही हळूहळू गळून जाते. त्यामुळे जुना सागरी बर्फ वितळविला तर पाणी पिण्याजोगे निघते.

ज्या लातूर शहराने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने आलेले कृष्णेचे पाणी पाहिले, त्या शहरातल्या श्रोत्यांना हे ऐकून काय वाटत असेल याची मी कल्पना करू शकतो. पहिली गाडी दहा वाघिणींची होती आणि तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कॅप्टन कुकच्या खलाशांनी १७७३ च्या जानेवारीत दक्षिण समुद्रात तरंगते बर्फाचे तुकडे होड्यांतून जहाजावर चढविले आणि ते वितळवून पिपे भरून घेतली. ते तुकडे हिमनगाचे होते. पण भर खाऱ्या समुद्रात गोडे पाणी हाती आल्याचा त्यांचा आनंद आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

अंटार्क्टिकाच्या भोवतालचा हा सागरी बर्फ दरवर्षी वाढतो आणि ओसरतो. फेब्रुवारीत तो सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असे. सप्टेंबरात सुमारे १८० लाखांवर जाई. आपल्या देशाचे क्षेत्रफळ ३३ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे ऐन हिवाळ्यात पाच भारत देश मावतील एवढा समुद्र गोठून बसतो, आणि उन्हाळ्यात त्याचा पंचमांश ते षष्ठांश तेवढा उरतो. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे शेतकरी मृगाची वाट पाहतो, तसा दक्षिणेकडे निघणारा कप्तान डिसेंबराची वाट पाहतो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी एवढाच त्याचा हंगाम. मार्च उलटू लागला की दार मिटू लागते.

हे दार मिटताना जहाज आत राहिले तर काय होते? पुष्कळांची समजूत अशी की बर्फाची धार जहाज कापते. तसे क्वचितच होते. बर्फाचा जाच निराळ्या प्रकारचा असतो. पंख्याची पाती वाकतात, सुकाणू जखडते, यंत्रे थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणाऱ्या तोंडांत बर्फाचा चिखल बसून ती तुंबतात. पण खरे संकट दाबाचे. शेकडो किलोमीटर दूर कोठे वादळ होते, वारा तिकडच्या तराफ्यांना ढकलतो, ते पुढच्यांना ढकलतात, आणि अखेर तो सारा भार जेथे जहाज उभे आहे तेथे येऊन पडतो. आकाश निरभ्र असते, वाऱ्याची झुळूकही नसते, आणि जहाजाच्या फळ्या कण्हू लागतात.

शॅकल्टन या धाडसी पुरुषाच्या ‘एंड्युरन्स’ जहाजाचे असेच झाले. १९१५ च्या जानेवारीत, किनारा जवळजवळ एका दिवसाच्या वाटेवर राहिला असता, वेडेल समुद्रात बर्फाने त्याला धरले. लाकूड उत्तम होते, बांधणी भक्कम होती, माणसे निवडक होती. दहा महिने ते जहाज बर्फाबरोबर वाहत राहिले. ऑक्टोबराच्या अखेरीस दाबाने त्याचा सांगाडा मोडला, माणसांनी ते सोडले, आणि २१ नोव्हेंबरास ते खाली गेले. जहाजावरचे अठ्ठावीसही लोक पुढे जिवंत परतले, ही गोष्ट निराळी व मोठी आहे. २०२२ च्या मार्चमध्ये ते जहाज तीन हजार मीटर खोल पाण्यात सापडले. नाव कोरलेला मागचा भाग अजून वाचता येतो.

याच्या उलट उदाहरण त्याच्या वीस वर्षे आधीचे, पण उत्तर ध्रुवाकडचे. नॉर्वेच्या नान्सेनने ‘फ्राम’ नावाचे जहाज मुद्दाम गोलसर बुडाचे बांधून घेतले. हेतू असा, की बर्फाने दोन्ही बाजूंनी आवळले तर ते चेपण्याऐवजी वर उचलले जावे, जशी ओली बी चिमटीतून निसटते. १८९३ च्या सप्टेंबरात त्याने ते आपण होऊन बर्फात गोठू दिले, आणि १८९६ च्या ऑगस्टात ते धडधाकट बाहेर आले. नान्सेनने बर्फाशी बळाची बरोबरी केलीच नाही. त्याने त्याला तीन वर्षांचा वेळ देऊन टाकला. माझ्या मते बर्फाचा इतिहास वाचताना हीच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते, की तेथे जहाजाच्या ताकदीपेक्षा त्याच्याजवळ वेळ किती आहे याला अधिक किंमत असते. पुढे जी बर्फफोडी जहाजे आली तीही बर्फाला धडक देऊन फोडीत नाहीत. त्यांचे पुढचे टोक उतरते केलेले असते. ते बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाने खालचा थर मोडतो. दोन मीटरांच्या पुढे मात्र बहुतेकांची मात्रा चालत नाही. मग मागे यायचे आणि पुन्हा चढायचे, असे दिवसचे दिवस जातात.

आता आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळू. बर्फाशी आपला पूर्वीचा संबंध मोठा गमतीचा आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून तळ्यांचा कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात घालून कलकत्त्यास आला, आणि पुढे मुंबईसही येऊ लागला. साहेब लोकांच्या पेयांसाठी तो शीडजहाजांतून अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येत असे. तेव्हा बर्फ जहाजात बसून आपल्याकडे आला. आपले जहाज बर्फाकडे गेले ते त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेचे जहाज निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम हे नेते होते. तुकडी एकवीस जणांची. फारसा गाजावाजा न करता ही मंडळी गेली. नऊ जानेवारीस, म्हणजे चौतिसाव्या दिवशी, त्यांनी अंटार्क्टिकावर पाय ठेवला आणि २१ फेब्रुवारीस ती गोव्यास परत आली. सबंध प्रवास सत्त्याहत्तर दिवसांचा. या तारखा मी मुद्दाम सांगितल्या. त्या कोणा मंत्र्याच्या सोयीने ठरल्या नव्हत्या, बर्फाने ठरविल्या होत्या. दोन महिने आधी निघून उपयोग नव्हता आणि दोन महिने उशीर करून चालणार नव्हते. (त्याच १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. योगायोगच; पण आपल्याकडच्या मुलांना सन पाठ करण्यास सोपे.)

या मार्गाने जाणाऱ्यांचा एक अनुभव ऐकण्यासारखा आहे. चाळीस ते साठ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान समुद्राला अडवायला जमीनच नाही म्हटले तरी चालेल. वारे पृथ्वीला सतत प्रदक्षिणा घालीत असतात आणि जहाज असे काही हेलकावते की धड जेवता येत नाही, धड निजता येत नाही. मग एके सकाळी अकस्मात सारे शांत होते. जहाज बर्फात शिरलेले असते. तराफ्यांच्या भाराखाली लाट उठूच शकत नाही. ज्याची भीती, त्याच्याच कुशीत गेल्यावर पोटातली मळमळ थांबावी, असा हा प्रकार. बर्फ दिसण्याआधीच जाणता कप्तान त्याला आकाशात ओळखतो. क्षितिजावरच्या ढगांचे पोट पांढरे उजळलेले दिसले तर त्याखाली बर्फ. आणि त्या उजेडात काळसर पट्टा दिसला तर तेथे मोकळे पाणी. उपग्रहांची चित्रे हाती येऊ लागण्यापूर्वी याच काळ्या पट्ट्यांच्या मागावर जहाजे वाट काढीत.

तिसरी मोहीम ३ डिसेंबर १९८३ रोजी ‘फिनपोलारिस’ जहाजातून डॉ. हर्ष गुप्त यांच्या नेतृत्वाखाली निघाली, आणि माझ्या दृष्टीने आपल्या बर्फ-इतिहासातील खरी कसोटी हीच होय. पहिल्या दोन मोहिमांना जाऊन यावयाचे होते. हिला तेथे घर बांधावयाचे होते, आणि ते जहाज परत फिरण्याच्या आत. एक्याऐंशी माणसांनी सुमारे दोन महिन्यांत दक्षिण गंगोत्रीचे ते घर उभे केले. यात मराठी वाचकांना आवर्जून सांगावे असे नाव म्हणजे डॉ. अदिती पंत. नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या या बाई व डॉ. सुदीप्ता सेनगुप्त या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया होत. अदितीबाईंचा विषय समुद्रातील सूक्ष्म वनस्पती. कप्तान ज्याला शिव्या देतो त्या बर्फाच्या खालच्या अंगाला याच वनस्पतींचा तपकिरी थर वाढतो. तो खाऊन कोळंबीसारखे बारीक जीव जगतात, आणि त्यांच्यावर देवमासे. जहाजाला जो अडसर, तोच त्या समुद्राचा शिवार आहे. पुढे १९८६ साली निघालेल्या सहाव्या मोहिमेचे नेतृत्व याच संस्थेतील डॉ. अरुण परुळेकर यांनी केले.

परंतु मला राहून राहून आठवण होते ती १९८४ च्या त्या उन्हाळ्याच्या अखेरची. घर पुरे झाले, जहाज परत फिरावयास निघाले, आणि लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्यासह बारा जण मागे राहिले. भारतीय तुकडीने त्या खंडावर काढलेला हा पहिला हिवाळा. जहाज एकदा तरंगत्या बर्फापलीकडे गेले की पुढच्या डिसेंबरापर्यंत दुसरे जहाज येणे नाही. आजारी पडले तर जवळ असेल तेवढ्यावर भागवायचे, यंत्र मोडले तर हाताशी असेल त्याने सांधायचे, आणि घरी कोणी निवर्तले तर ती बातमी नभोवाणी यंत्रावर ऐकायची. आपल्याकडे दूरदेशी गेलेल्या माणसाला ‘हाक मारली तर येईल’ एवढा तरी दिलासा असतो. या बारा जणांच्या घरच्यांना तोही नव्हता. समुद्र गोठला म्हणजे काय होते, याचा अर्थ त्या कुटुंबांइतका कोणाला कळला असेल असे मला वाटत नाही.

ते घर स्वतःही बर्फावरच उभे होते. समुद्रावर तरंगणाऱ्या, जमिनीला लागून असलेल्या जाड हिमफळीवर. वर्षावर्षाचे हिम साठत जाऊन ते खाली गाडले जाऊ लागले आणि १९९० साली ते केंद्र म्हणून बंद करावे लागले. तोवर शिर्माखेर येथील उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली होती. ‘भारती’ २०१२ साली झाली, तीही खडकावर. मालवाहू जहाजातून नेलेल्या १३४ पेट्या जोडून ती बांधलेली आहे. या सर्व कामाची सूत्रे ज्या संस्थेतून हलतात ती गोव्यात वास्को येथे, मुरगाव बंदराजवळच आहे. जहाजे मात्र पुढे बहुधा दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनहून सुटू लागली.

पंचांग मोडले तर काय होते, याचा दाखला फार जुना नाही. २००२ च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ‘माग्दालेना ओल्डेनडॉर्फ’ हे बर्फासाठी बांधलेले जर्मन जहाज क्वीन मॉड लँडच्या किनाऱ्याजवळ अडकले. आपली ‘मैत्री’ ज्या भूभागात आहे तोच हा किनारा. जहाजावर १०७ माणसे होती, बहुतेक रशियन शास्त्रज्ञ. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ जहाजावरून हेलिकॉप्टरे उडवून बरीचशी माणसे अंधारात बाहेर काढावी लागली. जहाज आणि त्याला सांभाळणारे थोडे लोक यांना हिवाळा तेथेच काढावा लागला. जहाजात खोट नव्हती. महिना चुकला होता.

तथापि पंचांग पाळले म्हणजे सारे निभावते असेही म्हणता येत नाही. २०१३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे भर हंगामात, ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज वाऱ्याने ढकललेल्या बर्फात सापडले. त्याला सोडवायला चीनचे बर्फफोडी जहाज गेले. त्याच्या हेलिकॉप्टराने बावन्न प्रवासी उचलून दुसऱ्या जहाजावर नेले, आणि मग ते सोडविणारे जहाज स्वतःच अडकले! पुढे वारा फिरला, बर्फात भेग पडली आणि दोन्ही जहाजे आपापल्या बळाने बाहेर आली. जो वारा दार लावतो तोच ते उघडतो, आणि तो कोणाच्या वेळापत्रकाने वाहत नाही.

अलीकडे या पंचांगाचेच आकडे बदलू लागले आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरांच्याही खाली गेला. १९७९ पासून उपग्रहांनी ठेवलेल्या नोंदीत इतका कमी तो कधीही नव्हता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील विस्तारही १७० लाखांपर्यंत पोचला नाही. बर्फ कमी झाला तर जहाजांना सोयच, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण किनाऱ्याला घट्ट धरून असलेल्या बर्फाचा उपयोग धक्क्यासारखा होतो. त्यावर सामान उतरवून गाड्यांनी केंद्राकडे नेतात. बाहेरचा पट्टा विरळ झाला की मोकळ्या समुद्राच्या लाटा आत येतात आणि तो धक्काच मोडू लागतो. शिवाय बर्फ सुटा झाला म्हणजे वाऱ्याच्या हाती अधिक गेला. कप्तानाने वर्षानुवर्षांच्या नोंदीवरून बांधलेला अदमास अशा वेळी कितपत धरावा, हा प्रश्न त्या त्या वर्षी, त्या त्या जहाजावरच सोडवावा लागतो.

जूनमध्ये लातुरात मृग लागतो आणि लोक पश्चिमेकडे ढग पाहू लागतात. त्या दिवशी बरोबर मध्यान्हीला, दीड मिनिट मागेपुढे, ‘भारती’तही मध्यान्ह होते, पण सूर्य क्षितिजावर येत नाही. तो मेअखेरीस मावळलेला असतो आणि जुलैच्या मध्यानंतर पुन्हा दिसतो. बाहेर समुद्र गोठलेला असतो. आत हिवाळ्यासाठी राहिलेली मंडळी जेवणाच्या तयारीत असतात, आणि पुढचे जहाज यायला पाच-सहा महिने बाकी असतात.